कवितेतला नवरा आणि देवरे बाईंचा दुपारचा वर्ग

चार बायका रोज दुपारी एकत्र बसल्या की किस्से आपोआप साठतात. त्यात वर परीक्षेचा अभ्यास असला तर विचारूच नका. अजूनही कुणाच्या लग्नात कांता भेटली किंवा एसटी स्टँडवर उषा दिसली की एखादा निघतोच. त्या वर्गात शिकलेलं इंग्रजी मी बरंचसं विसरले, पण किस्से मात्र जसेच्या तसे राहिले. त्यातले थोडे सांगते.

सत्तर सालाच्या पुढेमागे देवरे बाई जळगावात कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. कॉलेज सकाळचं. दुपारी त्यांच्या घरी, बाहेरून बी.ए.ला बसणाऱ्या बायकांचा वर्ग भरायचा. फी घ्यायच्या नाहीत. अट एकच, ‘घरी पाहुणे आले होते’ हे कारण चालणार नाही. एवढ्या एका अटीवर पुष्कळजणी गळल्या आणि शेवटी आम्ही तिघी उरलो.

कांता कापड दुकानदारांच्या मोठ्या मारवाडी घरातली धाकटी सून. जन्म भुसावळचा, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. उषा रावेरकडची. घरची केळीची शेती, मुलांच्या शाळेसाठी जळगावात बिऱ्हाड केलेलं. आणि मी धुळ्याची. पत्ता विचारला की तिथल्या रिवाजाने गल्लीचा नंबर सांगणारी. इंटर झाले तोच लग्न झालं. नवरा एसटीच्या ऑफिसात. घरी दोन लहान मुलं आणि सासूबाई. त्या अमळनेरकडच्या खेड्यातल्या, त्यांना अक्षर येत नव्हतं. पण मी दुपारी निघाले की मुलांना त्या जवळ घ्यायच्या आणि मला हातानेच ‘जा’ म्हणायच्या. त्या हातावर माझं बी.ए. झालं.

* * *

अभ्यासाला एक इंग्रजी कविता होती, राणीच्या काळातली. कवीचं नाव सांगत नाही. आम्हाला ते तेव्हाही धड म्हणता येत नव्हतं.

कवितेत एकच माणूस बोलतो. मोठा जमीनदार. घरी आलेल्या पाहुण्याला तो आपली हवेली दाखवतोय. फिरता फिरता एका भिंतीपाशी थांबतो. इथे पूर्वी खिडकी होती, म्हणतो. त्याची बायको तिथे उभी राहायची आणि रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांकडे बघून हसायची. दूधवाल्याकडे, माळ्याकडे, भिकाऱ्याकडे, आणि नवरा घरी आला की त्याच्याकडेही तितकंच. हे ‘तितकंच’ त्याला सहन झालं नाही. त्याने खिडकी बुजवून घेतली. पुढे बायकोचं काय झालं ते तो सांगत नाही. गिलावा किती सफाईने केलाय ते सांगतो.

बाईंनी कविता वाचून दाखवली, अर्थ सांगितला आणि विचारलं, काय वाटलं?

उषा म्हणाली, माणूस बरा वाटतो. पाहुण्याला एवढं घर फिरून दाखवतोय, बायकोची आठवण काढतोय. कांताने मान डोलावली. मी तर म्हटलं की त्याचं बायकोवर फार प्रेम असणार.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आम्हाला पेन्सिली दिल्या आणि सांगितलं की परत वाचा, आणि बायको जे जे बोलते त्याच्याखाली रेघ मारा.

आम्ही वाचायला लागलो. वर पंखा करकरत होता. मी दोनदा खालपासून वरपर्यंत गेले. कांताची पेन्सिल तशीच हातात. शेवटी उषा म्हणाली, “बाई, ती बोलतच नाही.”

“हं,” बाई म्हणाल्या. “आता झाली तुमची कविता वाचून.”

* * *

बाईंचे यजमान नाना कोर्टात नाझर होते, नुकतेच रिटायर झालेले. सकाळभर शिकवून बाईंचा घसा बसायचा म्हणून दुपारचा चहा नाना करायचे. आमच्यापैकी कुणाच्याच घरी पुरुष चहा करत नव्हता. पहिल्या दिवशी ते ट्रे घेऊन आले तेव्हा आम्ही तिघी उभ्याच राहिलो, आणि कांताने कप धरताना डोळे मिटले होते असं उषा अजून सांगते.

नाना चहा देऊन जात नसत, दारात टेकून ऐकत. खिडकीची कविता त्यांनी पूर्ण ऐकली. मग विचारलं, “हा सगळा कबुलीजबाब तो पाहुणा निमूट ऐकतो. निघून का जात नाही?”

बाईंनी प्रश्न आमच्याकडे ढकलला. मी म्हटलं, घाबरला असेल. उषा म्हणाली, दुसऱ्याच्या घरी आलाय, बरं दिसत नाही म्हणून थांबला असेल.

कांता वर्गात फारसं बोलत नसे. पदर सारखा करत ती म्हणाली, “त्याचं काहीतरी काम असणार ह्याच्याकडे. काम असलं की माणूस ऐकून घेतो.”

नानांनी ट्रे उचलला. मग म्हणाले की मीही साहेबांचं असंच ऐकत आलो. आणि रिकामे कप गोळा करून आत गेले.

* * *

पाठ व्हावी म्हणून मी त्या कवितेचं मराठी करून ठेवलं होतं. एक दिवस जेवण झाल्यावर माझ्या नवऱ्याने ते कागद उचलले आणि सगळे वाचले.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. त्याने कधी आवाज चढवला नाही. पण मी धुळ्याला माहेरी केव्हा जायचं ते तो ठरवायचा, आणि ठरलं की कॅलेंडरवर खूण करायचा. मला कळायचं ते कॅलेंडरवरून.

कागद वाचून तो स्वयंपाकघरात आला. मी भांडी आवरत होते. बराच वेळ दारात घुटमळला आणि मग म्हणाला, “मी असा आहे का गं?”

मी म्हटलं, “छे. तो फार छान बोलतो.”

तो बाहेरच्या खोलीत गेला. मला वाटलं रागावला. पण पुढल्या महिन्याचं पान उलटायची वेळ आली तेव्हा तो कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्याकडे घेऊन आला. बरोबर पेन्सिल होती. त्यानंतर आमच्या घरातलं कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलं ते कायमचं.

* * *

कांताला तिचा नवरा, मदनलालजी, स्वतः सोडायला यायचे आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर ओट्यावर बसायचे. बाई काय शिकवतात, वर्गात आणखी कोण येतं, ह्याची त्यांना शंका होती. घरात कुणीतरी कान भरले होते म्हणे. जळगावचं ऊन, चैत्र सुरू झालेला, पण ते ओट्यावरून हलत नसत. कांताला ह्याची इतकी लाज वाटायची की ती आमच्याकडे न बघता पुस्तकात बघून बसायची.

बाईंनी थोडे दिवस बघितलं. मग एका दुपारी बाहेर जाऊन म्हणाल्या, उन्हात कशाला बसता, आत या, पंखा आहे. ते आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. नानांनी त्यांनाही चहा दिला. असे काही दिवस गेले. ऐकता ऐकता त्यांना गोडी लागली असावी, कारण एकदा बाईंनी सहज विचारलं की तुम्ही मॅट्रिक आहात, ही कविता वाचून दाखवाल का, आवाज पुरुषाचा पाहिजे, तर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

उच्चार चुकत होते, पण काय वाचलं त्यांनी! दुकानात गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडतात तशी ओळ उलगडत होते. जमीनदार म्हणतो की मला एक गोष्ट दोनदा सांगायची सवय नाही, तिथे त्यांनी थांबून कांताकडे पाहिलं आणि मगच पुढे वाचलं. उषाने माझ्या पायावर पाय दिला.

वाचून झाल्यावर बाई मनापासून म्हणाल्या, “इतकं चांगलं वाचन मी कॉलेजात ऐकलं नाही. आवाज अगदी त्याचाच.”

मदनलालजी खूष होऊन गेले. पुढचं कांताने सांगितलं. रस्त्यात त्यांनी विचारलं, त्याचाच म्हणजे कुणाचा? आणि कांताने घर येईपर्यंत त्यांना ती कविता समजावून सांगितली. सगळी, खिडकीपासून गिलाव्यापर्यंत. लग्नानंतर नवऱ्याशी सलग इतकं बोलायची तिची पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी कांता एकटी आली. आम्ही विचारलं, ते?

“दुकानात काम आहे म्हणाले,” कांता म्हणाली. त्या दिवशी तिने पुस्तकातून मान वर काढली होती.

* * *

धुळ्याच्या एका महिला मंडळाने बाईंना भाषणाला बोलावलं. विषय बाईंनी हीच कविता घेतला आणि आम्हा तिघींना बरोबर चला म्हणाल्या. मला तर माहेरच होतं. एसटीत पारोळ्यापर्यंत उषाने केळीचे वेफर्स पुरवले. कांता सासरच्या माणसाशिवाय प्रथमच गावाबाहेर निघाली होती. ती सबंध वाट खिडकीतून बाहेर बघत होती.

सभेला बायका भरपूर. अध्यक्ष मात्र गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ होते, मंडळाचे आश्रयदाते. त्यांनी बाईंची ओळख करून द्यायला सुरुवात केली. ओळखीवरून ते स्त्रीच्या थोरवीवर आले, तिथून घराच्या मर्यादेवर, तिथून स्वतःच्या पत्नीवर. त्या पहिल्या रांगेतच बसल्या होत्या. आपण पत्नीला कधी काही कमी पडू दिलं नाही, तिला बाहेर पडायची गरजच भासू दिली नाही, असं ते सांगत होते आणि त्या मांडीवरच्या रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

अध्यक्ष खाली बसले तेव्हा दिवेलागण होत आली होती. घरी स्वयंपाक पडलेले, बायका चुळबुळ करायला लागल्या. चिटणीसबाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या की देवरे बाई, आता दोनच मिनिटं.

बाई उठल्या. म्हणाल्या, “एक नवरा बोलत राहतो आणि त्याची बायको एक शब्दही बोलत नाही, अशी एक कविता आहे. ती सांगायला मी जळगावहून आले होते. पण अध्यक्षांनी ती फारच छान सादर केली. मी त्यांची आभारी आहे.”

आणि बसल्या. अध्यक्षांनी हात जोडले. टाळी पहिल्यांदा पहिल्या रांगेतून वाजली, रुमालवाल्या बाईंची.

* * *

उषाचा किस्सा हसायचा नाही, पण आमच्या वर्गाचाच आहे.

तिच्या मोठ्या दिरांची मुलगी, पुष्पा, लग्नाची होती. एक स्थळ आलं. बिजवर, पण घर मोठं, केळीचे मळे, ट्रॅक्टर, गावात दबदबा. दिरांना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. बोलणी करायला घरातली मोठी माणसं मुलाच्या गावी गेली. बायकांमधून उषाला नेलं, शिकतेय म्हणून, चारचौघांत बोलता येतं म्हणून.

मुलाने स्वतः त्यांना घर दाखवलं. बोलणं गोड. पहिल्या बायकोचा विषय त्यानेच काढला. म्हणाला की फार भोळी होती. गडी-माणसांशीही हसून बोलायची. मी समजावलं. मग ऐकायला लागली, बाहेर येणंच सोडलं तिने. मग आजारी पडली. एवढं सांगून तो नव्या विहिरीकडे वळला आणि तिचं बांधकाम कसं मजबूत आहे ते सांगू लागला.

घर बघून सगळे परत येऊन बसले. पुढ्यात चहा आला होता. सगळ्यांनी बशा उचलल्या. उषाने उचलली नाही. आणि दिरांसमोर, सोयऱ्यांसमोर, तिने त्या माणसाला सरळ विचारलं, “तिले काय झालतं?”

तो म्हणाला, ताप होता. उषाने विचारलं, कोणत्या डॉक्टरला दाखवलं? त्याने तिच्याकडे पाठ केली. मग दिरांना म्हणाला की तुमच्याकडे बायका फार बोलतात.

दिरांचा चेहरा उतरला. ते उषाला बाहेर जा म्हणणार, तोच तिचा नवरा, पंडितभाऊ, उठला. हा माणूस मोठ्या भावापुढे खुर्चीवरसुद्धा बसत नसे. त्याने चहाची बशी खाली ठेवली, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, “चला. बस निघीन.”

बस निघायला अजून अवकाश होता. स्टँडवर ते सगळे कडुनिंबाखाली बसून राहिले. दीर वर्षभर उषाशी बोलले नाहीत. पुष्पाचं लग्न पुढे चाळीसगावच्या एका साध्या मास्तरांशी झालं. पहिलं बाळंतपण झाल्यावर ती बाळाला घेऊन जळगावला आली, ती आधी उषाकडे उतरली आणि मग गावी बापाकडे गेली.

उषाने हे सगळं वर्गात सांगितलं तेव्हा नाना नेहमीप्रमाणे दारात उभे होते. ते आत गेले आणि उषापुरता पुन्हा ताजा चहा करून घेऊन आले. तिकडचा राहिला ना, म्हणाले.

* * *

परीक्षेत त्या कवितेवर प्रश्न आला, ‘नवऱ्याचं स्वभावचित्र रेखाटा’. कांताने पुरवणी घेऊन बायकोचं रेखाटलं. बाहेर आल्यावर आम्ही डोक्याला हात लावला. ती म्हणाली, त्याच्याबद्दल त्याने स्वतःच सगळं सांगितलंय, मी आणखी काय लिहू.

तरी पास झाली. आम्ही तिघीही झालो. कांताचे सासरे, बाबूजी, सुरुवातीला सुनेच्या शिक्षणाचं नाव काढलं की जेवणावरून उठायचे. निकालाच्या दिवशी त्यांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा दिला. “हमारी बहू बी.ए. हो गई, हमने पढ़ाया,” असं दिवसभर सांगत होते.

मी कांताला म्हटलं, तुला राग नाही येत?

ती म्हणाली, “सांगू दे. आता सगळ्या बाजाराला सांगितलंय, उद्या धाकट्या नणंदेला नाही म्हणता यायचं नाही.”

धाकटी नणंद पुढे एम.ए. झाली. तिच्या वेळी पेढे मदनलालजींनी वाटले.

* * *

आता सासूबाईंचा सांगते.

माझा निकाल लागला तेव्हा मी बाईंकडे पेढे घेऊन निघाले. सासूबाई चपला घालून दारात उभ्या. मला म्हणाल्या की इतकी वर्षं तुझी पोरं सांभाळली, तू तिथे काय करत होतीस ते बघू दे, “माले बी दखाड”.

त्या सहसा कुणाकडे जात नसत. सासऱ्यांच्या काळापासूनची ती रीत. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले, मी त्यांना पाहिलं ते फोटोत, फेटा बांधलेले, रुबाबदार. आमच्या दारावरची पाटी त्यांच्याच नावाची, आत्माराम दौलत सोनवणे. गावाकडून कुणीही आलं की त्यांचं कौतुक सांगायचं. पंचांत शब्द कसा चालायचा, घरात शिस्त कशी होती. सासूबाई ते ऐकत बसायच्या. स्वतः त्यांच्याबद्दल कधी बरं बोलल्या नाहीत की वाईट. नाव तर त्या घेतच नसत. जुन्या बायका घेत नाहीतच. रेशनच्या ऑफिसात विचारलं तरी त्या माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवायच्या, तो सांगायचा.

बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. पेढे झाले, चहा झाला. नानांच्या हातून कप घेताना त्यांनी नानांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी म्हटलं, आई, निघू या का?

त्यांनी मला हाताने थांबवलं आणि बाईंना म्हणाल्या, “ती खिडकीनी गोट सांगा.”

घरी मी पाठांतर करायचे, नवऱ्याशी बोलायचे, त्यातलं कितीसं त्यांच्या कानावर पडलं होतं कोण जाणे. बाईंनी पुस्तक उघडलं नाही. साध्या मराठीत, एखाद्या शेजारणीला सांगावं तसं, त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. हवेली कशी होती, खिडकी कुठे होती, बायको कुणाकुणाकडे बघून हसायची. सासूबाई मधेच ‘मंग?’ म्हणत होत्या. खिडकी बुजवल्याचं आलं तेव्हा त्यांनी ‘मंग?’ म्हणणं थांबवलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्या ऐकत राहिल्या. नाना दारात होते. उषा आणि कांताही आल्या होत्या.

गोष्ट संपली. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. सासूबाईंनी तो घेतला नाही.

“त्या माणूसनं नाव काय शे?” त्यांनी विचारलं.

“कवितेत नाव दिलेलं नाही, अक्का,” बाई म्हणाल्या.

“नाव नही?”

“नाही.”

सासूबाई खुर्चीत मागे सरकून, पाठ टेकून नीट बसल्या. मग बाईंच्या हातातल्या पेनाकडे पाहून म्हणाल्या, “मी सांगस. लिखी ल्या.”

बाईंनी समोरचा कागद ओढला.

“आत्माराम,” सासूबाई म्हणाल्या. बाईंचं लिहून होईपर्यंत थांबल्या. “दौलत. सोनवणे.”